दोनपासून सुरू झालेली वही

त्याला सगळे बत्तीस म्हणत. तो कवळ्या बनवायचा म्हणून. पूर्ण कवळीत दात अठ्ठावीसच असतात, अक्कलदाढा कुणी विकत घेत नाही, हे त्यानं पहिली काही वर्षं लोकांना समजावून सांगितलं. पण अठ्ठावीस हे काही हाक मारण्याजोगं नाव नाही. शेवटी त्यानं नाद सोडला. पुढं पुढं तर फोन उचलून तोच सांगू लागला, बत्तीस बोलतोय.

त्याची खोली एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होती. दोन टेबलं, एक शेगडी, घासायचं यंत्र आणि तीन भिंतींवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर गावभरच्या लोकांचे प्लास्टरचे जबडे, आ वासून ओळीनं मांडलेले. विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला येणारा माणूस आत कधी पाय टाकत नसे. दारातूनच आकडा विचारायचा आणि सांगतील तो लिहून घ्यायचा. बत्तीस खरा आकडा सांगायचा, ही त्या माणसाच्या नशिबाची गोष्ट.

खोलीला खिडकी एकच, आणि ती शेजारच्या भिंतीला इतकी खेटून होती की उघडायची सोय नव्हती. प्लास्टरची आणि ॲक्रिलिकची भुकटी बाहेर जायला वाट नसल्यामुळं खोलीतल्या माणसांतच जाऊन बसे. माणसं दोनच, तो आणि त्याची बायको. तयार कवळी घासून चकचकीत करायचं काम तिचं, त्यामुळं यंत्रापाशी तोंडही तिचंच. सहा वर्षं ती खोकत होती. तोंडाला फडकं बांध म्हणून तो सांगायचा, ती बांधायची, आणि फडक्याआडून खोकायची. त्याला त्या खोकल्याची भीती वाटायची. तसं त्यानं बोलून दाखवलं की ती म्हणायची, आधी हातातलं काम उरका.

या धंद्यात कवळी करणारा कुणाला दिसत नाही. दातांची डॉक्टर जबड्याचं माप घेते, ते याच्याकडं येतं. हा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो, मेणाच्या हिरड्या रचतो, त्यांत एकेक दात बसवतो, मग मेण काढून गुलाबी ॲक्रिलिक भरतो, पितळी डब्यात शिजवतो, घासतो आणि डबीत घालून परत पाठवतो. घालणाऱ्याला वाटतं, डॉक्टरनं केली. काही वर्षांनी डॉक्टरलाही तसंच वाटायला लागतं. कवळी टोचली, वाजली किंवा मोडली तरच कारागिराची आठवण निघते, आणि तो नेमका कोण हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक कारागिरांना ही व्यवस्था फार पसंत आहे.

बत्तीसनं ही सोय आपल्या हातानं मोडून टाकली होती. प्रत्येक कवळीच्या टाळूच्या मागच्या कडेला, जिभेला लागणार नाही अशा जागी, तो सुईसारख्या हत्यारानं नंबर कोरायचा. तोच नंबर वहीत. पुढं तारीख, कुणाचं माप, कोणत्या आकाराचे दात, आणि शेवटी एक रिकामा रकाना. तक्रार आली आणि चूक आपली निघाली की त्या रकान्यात लाल शाईनं ती लिहायची आणि कवळी फुकट नव्यानं करून द्यायची. इतर कारागीर म्हणत, लोक पायावर धोंडा पाडून घेतात, हा धोंड्यावर नंबरही टाकतो. गंमत म्हणजे वही एकपासून सुरू होत नव्हती. पहिल्या पानावर पहिली ओळ कोरी आणि तिच्याखाली दोन. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, एक राखून ठेवलाय. लोकांना वाटे, काही शकुनाबिकुनाचं असेल.

शकुनाचं काही नव्हतं. चोविसाव्या वर्षी तो एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली, चार कारागिरांतला सगळ्यांत धाकटा म्हणून लागला होता. एक दिवस तिथली एक कवळी जेवता जेवता मधोमध दुभंगली आणि घालणाऱ्या गृहस्थाच्या जिभेला टाके पडले. डॉक्टरनं चौघांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, ही कुणाच्या हातची? कवळीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. बत्तीसला मात्र ती बघताक्षणी ओळखू आली. शिजवताना त्यानं घाई केली होती, वेळेआधी डबा उघडला होता. तो मान खाली घालून उभा राहिला आणि गप्प राहिला. डॉक्टरनं मग आपल्या बुद्धीनं ठरवलं, ज्याची नजर अधू त्याचीच चूक, आणि थोरल्या कारागिराला काढून टाकलं. मेण बोटांत कसं धरायचं इथपासून बत्तीसला शिकवलं होतं ते या थोरल्यानं. तो तिसऱ्या दिवशी हत्यारं पिशवीत भरून गेला. पुढं कानावर आलं की तो इमारतींच्या भिंतींना प्लास्टर करतो. प्लास्टर काही सुटलं नाही म्हणायचं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बत्तीसही हसला. ते हसणं त्याला पुढं अठ्ठावीस वर्षं पुरलं.

थोरल्याच्या घरी जाऊन खरं काय ते सांगावं, असं त्याच्या दर वर्षी मनात यायचं. दर वर्षी नेमकं काम फार असायचं.

तर अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी एक संधी आली. गावातल्या मोठ्या इस्पितळात कवळ्यांचा विभाग निघणार होता आणि त्यावर मुख्य कारागीर हवा होता. वयाची अट बावन्न. त्याला त्रेपन्नावं लागायला दोन महिने होते, म्हणजे पुढच्या खेपेला अर्ज करायचा प्रश्नच नव्हता. विभागाची खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्या, दोन्ही उघडणाऱ्या, आणि भुकटी ओढून घेणारं यंत्र. हाताखाली घासायला माणसं. बायकोला यंत्रापाशी बसायचं कारण नाही. बत्तीस काही ना काही निमित्त काढून त्या खिडक्या दोनदा उघडून बघून आला.

निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक. योगायोग असा की महिन्याभरापूर्वीच त्यांनी नवी कवळी करून घेतली होती, आणि ती बत्तीसच्या हातची होती. त्याला दोन तृतीयांश काम देणारी जी दातांची डॉक्टर, तिच्याकडचेच ते पेशंट. मुख्याध्यापक कवळीवर बेहद्द खूश होते. डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं, काका, नोकरी तुमच्या खिशात आहे. बत्तीस खिशाला हात लावायच्या स्वभावाचा नव्हता, पण त्या दिवशी त्यानं बायकोला खिडक्यांची रुंदी सांगितली.

मुलाखतीला आठ दिवस असताना खोलीच्या दारात एक बाई आली. हातात डबी. डबीत तिच्या आईची कवळी. टोचत नाही, दुखत नाही, ती म्हणाली, पण आई तोंडावरचा हात काढत नाही. ओठ मिटत नाहीत तिचे. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसते. आधी बोळकी होती तेव्हा घरभर हसायची.

बत्तीसनं कवळी उजेडात धरली. लहानशा, नाजूक जबड्यावर मोठे, चौकोनी, रुंद दात बसवलेले होते. एखाद्या आडव्या हाडाच्या पुरुषाला शोभतील असे. नंबर तीन हजार आठशे बारा. त्यानं वही काढली. तीन हजार आठशे बारा, वृद्ध बाई, दात बारीक. तिच्याच खाली त्याच तारखेला तीन हजार आठशे तेरा, पुरुष, दात मोठे, चौकोनी. दात पट्टीवर मेणात चिकटवून येतात, आणि त्या दिवशी दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. जबडे बरोबर होते, पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. एरवी ही चूक मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघताना तिथंच उघडी पडते. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना परगावी जायचं होतं, म्हणून त्यांनी ते बघणं वगळून थेट पक्की करा म्हणून सांगितलं होतं.

तीन हजार आठशे तेरा कुणाची, हे बघायला त्याला वहीची गरज नव्हती.

त्यानं लाल शाईनं दोन्ही रकाने भरले. बाईला सांगितलं, चूक माझी आहे, चार दिवसांत नवी देतो. ती भांडायच्या तयारीनं आली होती. समोरून काहीच विरोध न झाल्यामुळं ती थोडा वेळ उगाच उभी राहिली आणि मग गेली.

त्याच्याकडून सगळं ऐकून डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, आजींची नवी करा आणि विषय संपवा. मुख्याध्यापक खूश आहेत ना? खूश माणसाला जाऊन तू चुकून खूश आहेस असं सांगायचं कशाला? तेही मुलाखतीच्या तोंडावर. बत्तीस म्हणाला, मोठ्या जबड्यावर बारीक दात आहेत, गाल चावला जात असणार. आज बोलत नसतील, वर्षभरात तिथं जखम धरेल. वर्षभरानं बघू, बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. बत्तीसचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, आणि मधली पायरी कुणी वगळली हे चव्हाट्यावर येऊ नये असंही थोडंसं वाटत होतं.

सकाळी चहा पिताना त्यानं बायकोपुढं सगळं मांडलं. नोकरी गेली तर ही खोली आणि ही भुकटी आहेच, आणि डॉक्टरीणबाई बिनसल्या तर खोलीही राहणार नाही. बायकोनं चहा संपवला, बराच वेळ खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "मला खिडकी हवीय. खोटं कशाला बोलू? पण मागं एकदा तुम्ही गप्प बसलात, ते मी अठ्ठावीस वर्षं ऐकतेय. दुसरं ऐकायची माझ्यात ताकद नाही."

त्यानं दोन्ही कवळ्या नव्यानं केल्या. आजींची आधी. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आजींनी ती घातली, आरसा हातात घेतला, बराच वेळ बघितलं, आणि हात तोंडाकडं नेता नेता मधेच थांबवून मांडीवर ठेवला. नंतर त्या मुलीला म्हणाल्या, जाताना सफरचंदं घेऊ. बत्तीस दाराशी उभा होता. त्याला फार बरं वाटलं, इतकं की दुसरी डबी खिशात आहे हे तो दोन मिनिटं विसरला.

मुख्याध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत त्यांचा नोकरीच्या काळातला फोटो लावलेला होता. फोटोत त्यांचे स्वतःचे दात होते, मोठे, चौकोनी, आणि बघणाऱ्याला आपली कालची चूक आज आठवावी असे. त्याखाली बसलेला माणूस मात्र बारीक दातांनी गोड हसत होता. या, या, म्हणाला. सूनबाई चहा ठेवून गेल्या, त्याही हसत गेल्या. घरात एकूण आनंद होता.

बत्तीसनं डबी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. दातांचे संच बदलले, निवड माझ्या हातची, हे तुमचे खरे दात. मुख्याध्यापकांचं हसू हळूहळू मिटलं.

"गाल चावला जातो," ते म्हणाले. "मला वाटलं, वय झालं."

"वय नाही सर. मी."

त्यांनी आत जाऊन कवळी बदलली आणि बाहेर आले. फोटोतला माणूस पिकल्या केसांनी भिंतीवरून उतरून आला होता. तेवढ्यात सूनबाई कप न्यायला आल्या, त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं, पदर सावरला आणि कप तसेच ठेवून परत गेल्या. मुख्याध्यापक दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "महिनाभर नातवंडं माझ्याजवळ येऊन बसत होती. मला वाटलं, निवृत्तीमुळं माझा स्वभाव सुधारला."

या दातांनी कडक अन्नसुद्धा नीट चावता येईल, एवढं बत्तीसनं सांगितलं. मुख्याध्यापकांनी दोन्ही कवळ्या ठेवून घेतल्या आणि जायला निघालेल्या बत्तीसला विचारलं, "मुलाखतीला मी कोणते घालून येऊ?"

"जे चावत नाहीत ते, सर," बत्तीस म्हणाला.

मुलाखतीला ते मोठे दात घालून आले. समितीतले बाकीचे चौघं महिनाभर सैलावले होते, ते खुर्च्यांत सरळ बसले. उमेदवार पाच. प्रत्येकाला मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या हातून आजवर किती कवळ्या बिघडल्या? पहिल्यानं सांगितलं, एकही नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आठवत नाही, म्हणजे नसणारच. तिसऱ्यानं डॉक्टरांच्या चुकांची यादी दिली. चौथा म्हणाला, परमेश्वराच्या कृपेनं शून्य.

बत्तीसनं वही टेबलावर ठेवली. एकोणचाळीस, तो म्हणाला. लाल शाईनं आहेत. शेवटच्या दोन गेल्या महिन्यातल्या. समितीतल्या एकानं पान उलटून मोठ्यानं वाचलं, तीन हजार आठशे तेरा, मुख्याध्यापक, दात चुकीचे, आणि वाचून झाल्यावर त्याला आपण काय वाचलं ते कळलं. कुणी हसलं नाही. समोर ते दात होते.

"मेणाची कवळी घालून बघितली नव्हती का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही. पण पट्टी मी उचलली होती."

मुख्याध्यापकांनी वही आपल्याकडं ओढून पहिलं पान काढलं. दोनपासून का? त्यांनी विचारलं. राखून ठेवलाय हे नेहमीचं उत्तर बत्तीसच्या ओठांवर आलं, आणि तिथंच राहिलं. त्यानं मोठ्या डॉक्टरची, दुभंगलेल्या कवळीची आणि थोरल्या कारागिराची गोष्ट सांगितली. समितीच्या पाचही जणांसमोर, काही न गाळता, आपण हसलो होतो हे धरून. म्हणून चाळीस, तो शेवटी म्हणाला.

"ते आहेत अजून?"

"असावेत. मी कधी गेलो नाही."

मुख्याध्यापकांनी वही मिटून परत दिली. एवढंच म्हणाले, या आता.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं की खिडकी गेली. ती म्हणाली, बरं, आणि फडकं बांधून यंत्रापाशी बसली. नवव्या दिवशी पत्र आलं. नेमणूक झाली होती. पत्राच्या तळाशी मुख्याध्यापकांनी शाईच्या पेनानं दोन ओळी वाढवल्या होत्या: विभागातून जाणाऱ्या प्रत्येक कवळीवर करणाऱ्याचा नंबर असावा. रुजू होण्याआधी पहिली ओळ भरावी. बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि रडली. रडताना खोकला आला, म्हणून मग आवरतं घेतलं.

थोरल्याचं घर शोधायला अर्धा दिवस लागला. अठ्ठावीस वर्षं ज्या कामाला वेळ नव्हता ते अर्ध्या दिवसाचं निघालं. तो अठ्ठ्याहत्तरीचा झाला होता, खिडकीशी पाव चहात बुडवून खात होता, आणि तोंडात एकही दात नव्हता. बत्तीसनं आपण कोण ते सांगितलं. मग म्हणाला, "दादा, ती मोडलेली कवळी माझी होती."

थोरल्यानं पावाचा घास संपवला. त्याला वेळ लागत होता.

"माहीत होतं. मीच शिकवलेला हात. मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून. दोन दिवस वाट बघितली."

बत्तीसला रडू आलं आणि त्यानं ते थांबवलं नाही. थोरल्यानं त्याला थांब असं म्हटलं नाही, आणि जवळही घेतलं नाही. रडून झाल्यावर बत्तीसनं पिशवीतून माप घ्यायचं सामान काढलं. थोरल्यानं ते बघितलं, विचार केला, आणि तोंड उघडलं.

आठ दिवसांनी तो कवळी घेऊन परत गेला. मेणाची आधी घालून बघितली होती, दोनदा. टाळूच्या मागच्या कडेला एक आकडा होता, एक. थोरल्यानं ती हातात घेतली, नंबरावरून अंगठा फिरवला, आणि तोच अंगठा पुढं नेऊन सगळी कड चाचपली.

"मागं जाड झालीय," तो म्हणाला. "घासून आण."

बत्तीसनं कवळी डबीत घातली, घरी आला, वहीतल्या पहिल्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं, मागची कड जाड, आणि बायकोला यंत्रापासून उठवून तिथं स्वतः बसला.